डावा पाय बाहेर

आठवणी लिहायला माणूस सत्तरीला टेकलेला असावा, असं आई म्हणते. मी सेहेचाळीसचा आहे. पण माझे गुडघे सत्तरी ओलांडून गेले आहेत हे मी डॉक्टरच्या तोंडून ऐकलेलं आहे, आणि या प्रकरणात मुख्य काम गुडघ्यांचंच आहे. तेव्हा त्यांच्या वतीने मी लिहितो आहे असं धरून चाला. नागपूरहून परदेशात, सस्काटूनला आलो तेव्हा मी आठ वर्षांचा होतो. बावीस वर्षांचा होईपर्यंत तिथेच वाढलो, आणि फारच वाढलो. आमच्या घराण्यात, दोन्हीकडून, पाच फूट सात इंचांच्या वर कुणी गेलेलं नाही. मी सहा फूट दोन इंच, आणि कॉलेजच्या शेवटच्या वर्षी दोनशे ब्याऐंशी पौंड. हे आलं कुठून यावर घरात एकमत नव्हतं. आई म्हणायची, तिच्या आजोळी एक पैलवान होते. बाबा म्हणायचे, इथलं दूध. मी मधल्या काळात कधीतरी ठरवून टाकलं की ही निसर्गाची माझ्याबद्दलची खास योजना आहे, आणि ती योजना मला व्यावसायिक फुटबॉलमध्ये घेऊन जाणार आहे.

फुटबॉल म्हणजे पायाने खेळायचा नव्हे. इथला, हेल्मेट घालून खेळायचा. कॉलेजच्या टीममध्ये मी बचावाच्या पहिल्या ओळीत, अगदी मधोमध असायचो. माझं काम सांगायला सोपं आहे. समोर तीनशे पौंडांचा एक माणूस ओणवा झालेला असतो. बॉल हलला की त्याला ढकलून, चुकवून किंवा सरळ सोबत घेऊन, त्याच्या मागे बॉल हातात धरून उभा असलेल्या माणसापर्यंत पोचायचं. यात गोम एकच आहे. जो खाली राहतो तो जिंकतो. तुमचे खांदे समोरच्याच्या खांद्यांखाली असतील तर तुम्ही त्याला उचलता. वर असतील तर तो तुम्हाला उचलून बाजूला ठेवतो. बाकी सगळं, म्हणजे ताकद, वेग, आरडाओरडा, त्यानंतर. हे मला चार वर्षं रोज सांगितलं गेलं आणि चार वर्षं मी रोज मान डोलावली.

घर नदीच्या पूर्वेला होतं. हिवाळ्यात त्या घराचे आवाज ठरलेले. बेसमेंटमध्ये फर्नेस सुरू होताना धप्प व्हायचं, मग पाच मिनिटांनी वरच्या जाळीतून गरम हवा यायची आणि आईच्या फोडणीचा वास सगळ्या खोल्यांत सारखा वाटला जायचा. कॉलेजच्या कोचने मला वजन वाढवण्यासाठी एक कागद दिला होता. दिवसातून सहा वेळा खा, इतकं प्रोटीन, इतके कार्ब्स. मी तो फ्रीजवर लावला. आईने तो वाचला आणि तिच्या चेहऱ्यावर जे समाधान पसरलं ते मी नंतर फक्त इराच्या, म्हणजे माझ्या मुलीच्या, बारशाला पाहिलं. मुलाला खाऊ घाल असा लेखी हुकूम, तोही इंग्रजीतून, कॉलेजच्या शिक्क्यासकट! त्या दिवसापासून चिकन ब्रेस्टच्या जागी गोळाभात आला, त्यावर फोडणीचं तेल, बाजूला चिंचेचं सार. प्रोटीन शेकच्या जागी कोथिंबीर भरून तळलेल्या पुडाच्या वड्या आल्या. कोच दर महिन्याला मला वजनकाट्यावर उभं करायचा आणि म्हणायचा, जे काय करतोयस ते चालू ठेव. मी आईला सांगायचो. आई म्हणायची, त्यांना डबा पाठवू का?

मॅचच्या आदल्या दिवशी आई माझी दृष्ट काढायची. माझ्यावरून ओवाळायला तिचा हात पुरत नसे, म्हणून मी स्वयंपाकघरात खाली बसायचो. मग मीठ, मोहऱ्या आणि लाल मिरच्या ती इलेक्ट्रिक कॉइलवरच्या कोरड्या तव्यात टाकायची आणि पुढच्या अर्ध्या मिनिटात छतावरचा स्मोक अलार्म कोकलायला लागायचा. घरात तिथपर्यंत पोचणारा मी एकटाच, त्यामुळे टॉवेल घेऊन अलार्मखाली वारा घालायचं काम माझं. आई पहिल्यांदा मॅचला आली तेव्हा तर सगळ्या टीमच्या डोळ्यांखाली काळे पट्टे फासलेले बघून तिला भरून आलं. ते उन्हाची तिरीप डोळ्यात येऊ नये म्हणून लावतात, हे मी तिला समजावलं. ती म्हणाली, काही का म्हणेनात, प्रत्येकाच्या आईला काळजी आहे ना.

बाबा जिऑलॉजिस्ट होते, पोटॅशच्या, म्हणजे खतासाठी लागणाऱ्या क्षाराच्या, खाणीत. जमिनीत खोलवर ड्रिल करून खडकाचे लांबच लांब गोल दांडे बाहेर काढतात, ते टेबलावर मांडून एकेक वीत तपासायचं आणि सांगायचं, इथे खणण्यासारखं काही आहे की नाही. हे त्यांचं आयुष्यभराचं काम. त्यामुळे म्हणा किंवा मूळ स्वभावाने म्हणा, त्यांच्या शेऱ्यांच्या पायऱ्या तीनच होत्या. बरं आहे. ठीक आहे. चालेल. यातलं 'चालेल' हे सगळ्यात वरचं. बारावीला मला गणितात चौऱ्याण्णव मिळाले तेव्हा ते म्हणाले, "चालेल," आणि आईने त्याचा आनंद म्हणून शिरा केला. आणि घराबाहेर पाऊल टाकलं की काय? ज्याला त्याला 'ऑसम'. कॉफी मागवली तरी ऑसम. कोच डॅरिल, माझ्या ओळीचा कोच, मला दिवसातून वीस वेळा ऑसम म्हणायचा, आणि आमच्या पाणी भरणाऱ्या पोरालाही वीस वेळा म्हणायचा. हा दुसरा भाग मी कधी मोजला नाही. दोन देशांचे दोन काटे माझ्यासमोर होते आणि ज्या काट्यावर माझं वजन जास्त भरत होतं तो मी खरा मानला.

बाबा घरच्या मैदानावरच्या प्रत्येक मॅचला यायचे. पार्का, म्हणजे टोपीवाला जाडजूड कोट, त्यावर नागपूरहून आणलेला मफलर, मांडीवर स्टीलचा डबा. पहिल्या एकदोन मॅचेसमध्ये त्यांना खेळ काही कळला नाही. बॉल कुठे आहे तेच दिसत नाही, म्हणाले. मग त्यांनी बॉल बघणंच सोडून दिलं. तीन तास ते फक्त माझ्याकडे बघायचे, बॉल मैदानाच्या दुसऱ्या टोकाला गेला असला तरी. घरी जाताना गाडीत काच पुसत एकच वाक्य. "दुसऱ्या हाफमधे वर काहून येऊन राहिला बे तू? डावा पाय बाहेर टाक थोडा. तुझा डावा खुबा वाकत नाही."

मी इंग्रजीत उत्तर द्यायचो. तेव्हा मी सगळ्यालाच इंग्रजीत उत्तर द्यायचो. "बाबा, प्लीज. यू नेव्हर प्लेड." मग ते रेडिओ लावायचे. हे चार वर्षं, प्रत्येक शनिवारी. त्यांनी वाक्य बदललं नाही, मी उत्तर बदललं नाही.

शेवटच्या वर्षी मॅचेस संपल्या आणि कोच म्हणाला की व्यावसायिक टीमवाले या वेळी माझ्याकडे बघताहेत. "यू आर अ लॉक, बिग मॅन," म्हणाला, म्हणजे तुझी निवड झाल्यात जमा आहे. त्या हिवाळ्यात मी बेसमेंटमध्ये बसून स्वतःचं मूल्यमापन केलं. मॅचेसच्या डीव्हीडी होत्या. मी नेहमी हाफ टाइमपर्यंत बघायचो आणि बंद करायचो, कारण पहिल्या हाफमध्ये मी फार छान दिसायचो. त्यातले निवडक क्षण जोडून एक वेगळी डीव्हीडीही केली, ती सगळ्या टीम्सना पाठवली. ती तीन मिनिटांची होती आणि तीत एकही क्षण हाफ टाइमनंतरचा नव्हता, ही गोष्ट माझ्या लक्षातही आली नाही. एका कागदावर मी स्वतःला गुण दिले. तो कागद अजून माझ्याकडे आहे, कारण आई काही टाकत नाही. पहिलं पाऊल: नऊ. ताकद: नऊ. हातांचा वापर: साडेआठ. खाली राहणं: आठ. विनम्रता: दहा.

आणि एका रविवारी दुपारी हॅल आमच्या घरी आले. हॅल एका व्यावसायिक टीमसाठी गावोगाव फिरून खेळाडू पारखायचे. उंच, काटकुळे, साठीचे, खिशात सूर्यफुलाच्या बिया, ज्या ते दातांनी फोडून टरफलं कागदी कपात थुंकायचे. बाहेर उणे तीस होतं. बाबांनी त्यांना आधी गाडी विजेला जोडायला लावली, म्हणजे इंजिन गोठणार नाही, आणि मग घरात घेतलं. आईने पुडाच्या वड्या केल्या होत्या, पोहे केले होते, आणि हॅलना बिया चघळताना बघून पचनाचं काही असेल असं समजून बडीशेपही पुढे ठेवली. मी इस्त्रीचा शर्ट घालून सोफ्याच्या कडेला बसलो होतो. सोफा एका बाजूने कलला होता. मुलगी दाखवायचे कार्यक्रम मी कधी पाहिले नव्हते, पण त्या दिवशी घाम कुणाला आणि का फुटत असेल ते मला नीट कळलं.

हॅलनी वही उघडली आणि बाबांना विचारलं, तुमचा मुलगा कसा आहे, तुम्ही सांगा.

आता इथे मला जरा थांबून सांगायला हवं. आमच्याकडे आपल्या पोराबद्दल कुणी विचारलं तर आईबापांनी काय बोलायचं ते ठरलेलं असतं. कसचं काय हो, नुसताच वाढलाय, अकलेच्या नावाने आनंद आहे. मग समोरच्याने म्हणायचं, असं कसं, चांगला गुणी आहे की! मग आईबापांनी थोडं मागे यायचं, तसा अभ्यासाला बसतो म्हणा. मग पुन्हा समोरच्याने चढवायचं. असं दोघांनी मिळून पोराला योग्य उंचीवर नेऊन ठेवायचं, आणि दृष्टही लागत नाही. हा दोन माणसांचा खेळ आहे. हॅलना आपली पाळी कधी येते हे कुणी सांगितलेलंच नव्हतं.

"ही इज नथिंग स्पेशल," बाबा हसून म्हणाले.

हॅलनी ते लिहून घेतलं.

बाबा थांबले. समोरून 'असं कसं' आलं नाही. आपण विनयात कमी पडलो असं त्यांना वाटलं असावं, कारण ते आणखी एक पायरी खाली उतरले. खातो फार, म्हणाले. हॅलनी लिहिलं. सकाळी उठवावं लागतं. लिहिलं. जे काही आहे ते कोचची कृपा, याचं स्वतःचं काही नाही. तेही लिहिलं. बाबांच्या कपाळावर घाम आला. आयुष्यात पहिल्यांदाच कुणी त्यांना अडवत नव्हतं आणि त्यांना थांबता येत नव्हतं. आईला वाटलं, हे एकटे पडले, आपण हातभार लावावा. ती म्हणाली, हा दहा वर्षांचा होईपर्यंत बेसमेंटमध्ये एकटा जात नसे, फर्नेसला घाबरायचा. हॅलनी मान वर केली, माझ्या दोनशे ब्याऐंशी पौंडांकडे पाहिलं आणि पुन्हा खाली घातली.

शेवटी त्यांनी मला विचारलं, तू स्वतःला दहापैकी किती देशील? मला आता खिंड लढवायची होती. "नाइन," मी म्हणालो. बाबांनी माझ्याकडे अशा नजरेने पाहिलं, जणू मी पाहुण्यांसमोर शर्टच काढला होता. हॅलनी नऊ लिहिलं, वही मिटली, तीन वड्या खाल्ल्या, आईला त्या फार आवडल्याचं सांगितलं. म्हणजे त्या घरात त्या दिवशी कौतुक झालं ते फक्त वड्यांचं.

बाबा त्यांना सोडायला बाहेर गेले. मी खिडकीशी उभा राहिलो. बाबांनी वायर काढली, गुंडाळली, आणि मग गाडीत बसायचं सोडून दोघं तिथेच बोलत उभे राहिले. उणे तीसमध्ये, दहा मिनिटं. बाबा हातवारे करत होते. आणि एकदम बाबा खाली वाकले. चोपन्न वर्षांचे माझे बाबा, पार्का आणि मफलरसकट, ड्राइव्हवेवर ओणवे झाले, एक हात बर्फावर टेकवला, आणि मग सावकाश, मुद्दाम, बावळटासारखे वर आले. पुन्हा वाकले, पुन्हा वर आले. तो मी होतो. ते माझी नक्कल करून दाखवत होते. तोंडाने सांगून भागलं नाही म्हणून आता सोदाहरण, असं मला वाटलं, आणि मी पडदा ओढून घेतला. बाबा आत आल्यावर बोटं चोळत म्हणाले, "चांगला माणूस आहे." मी बेसमेंटमध्ये निघून गेलो.

निवडीच्या दिवशी आम्ही दिवाणखान्यात लॅपटॉप लावून बसलो. आईने श्रीखंड केलं होतं आणि नाव आल्याशिवाय कुणी वाटीला हात लावायचा नाही असं ठरलं होतं. एकेक फेरी संपत गेली. माझ्यापेक्षा कमी गुणांचे, म्हणजे माझ्या कागदाप्रमाणे कमी गुणांचे, चार जण माझ्याच जागेसाठी निवडले गेले. हॅलच्या टीमने एकाला घेतलं ज्याला मी मैदानात दोनदा आडवा केला होता, अर्थात पहिल्या हाफमध्ये. शेवटची फेरी संपली. फर्नेस धप्पकन सुरू झाली. आई म्हणाली, अजून कुठली यादी असेल, बघ ना.

मी बाबांकडे वळलो आणि त्या दिवशी कित्येक वर्षांत पहिल्यांदा त्यांच्याशी पूर्ण वाक्यं मराठीत बोललो. कशासाठी मराठी आठवली बघा. "हे तुमच्यामुळे झालं. एक शब्द चांगला बोलला असतात तर काय बिघडलं असतं? तुम्ही माझं वाटोळं केलंत."

बाबा म्हणाले, "हो."

एवढंच. वाद नाही, सारवासारव नाही. लॅपटॉप बंद केला, श्रीखंडाच्या वाट्या उचलून फ्रीजमध्ये ठेवल्या. मी तेव्हा त्या 'हो'चा अर्थ असा घेतला की मी जिंकलो. पुढच्या महिन्यात मी कॅल्गरीला निघून आलो. त्यानंतर बरीच वर्षं फोनवर आम्ही हवामान आणि विंटर टायर्स या दोन विषयांवर बोलत होतो, आणि त्या दोन विषयांवर आमचं कधीही भांडण झालं नाही.

मी शाळेत गणित शिकवायला लागलो. संध्याकाळी शाळेच्या पोरांना फुटबॉल शिकवतो, तीच माझी ओळ. त्यांच्यावर सतत ओरडतो, खाली राहा रे, वर येऊ नका, आणि ती मान डोलावतात. बाबा रिटायर झाल्यावर आईबाबा आमच्याकडे राहायला आले. आणि इथे एक विचित्र गोष्ट सुरू झाली. बाबा लोकांची स्तुती करायला लागले. साधीसुधी नाही, बेसुमार. गणपतीला जमलेल्या मंडळींमध्ये ते इराबद्दल असं काही बोलायचे की तिथे उभं राहवत नसे. माझी नात म्हणजे रॉकेट आहे. माझ्या सुनेसारखी इंजिनियर अख्ख्या अल्बर्टात नाही. कुणाच्याही मुलाने नुसतं नाव सांगितलं तरी, "वा! काय मुलगा आहे!" आई कावरीबावरी होऊन घरी येऊन तवा तापवायची. इथलाही अलार्म महिन्यातून तीनदा वाजायला लागला. मी बायकोला म्हणालो, वय झालं त्यांचं, जीभ सैल झाली. मी असा हुशार माणूस आहे.

मागच्या मार्चमध्ये शनिवारी एका हॉटेलात कोच लोकांचं शिबिर होतं. कॉफीच्या रांगेत माझ्यापुढे एक वाकलेले म्हातारे गृहस्थ होते. कागदी कपात त्यांनी काहीतरी थुंकलं आणि मला चोवीस वर्षांपूर्वीचा रविवार आठवला. मी नाव सांगितलं. हॅलनी माझ्याकडे बराच वेळ पाहिलं, मी काही त्यांना आठवलो नाही. मग मी सस्काटून म्हणालो, पोटॅश म्हणालो, आणि त्यांचा चेहरा खुलला. तो जिऑलॉजिस्ट! तू त्यांचा मुलगा का?

मी हसत हसत, म्हणजे आता काही वाटत नाही असं दाखवत, म्हटलं की माझ्या वडिलांनी त्या दिवशी तुमच्यापुढे माझी बोट बुडवली. हॅलना समजेना. मी 'नथिंग स्पेशल'ची आठवण करून दिली. ते म्हणाले, ते होय, ते मी लिहून घेत होतो कारण काही लिहिलं नाही तर घरच्यांना वाईट वाटतं. तुझा निकाल मी तुमच्या दारात यायच्या आधीच लिहिलेला होता. सगळ्या मॅचेस पूर्ण पाहिल्या होत्या आम्ही. दुसऱ्या हाफमध्ये तू उभा राहायचास. दमलास की ताठ. तुझ्या कोचनेही मला तेच सांगितलं होतं, याचं पुढे काही होणार नाही म्हणून. तुला नाही सांगितलं?

मी म्हणालो, मला तो ऑसम म्हणाला होता. मग मी विचारलं, बाहेर गाडीपाशी ते काय बोलत होते?

हॅल हसले. इतक्या वर्षांत मला वाकून दाखवणारा तोच एक बाप, म्हणाले. त्यांनी मला दाखवलं की तू वर का येतोस. पोराचा डावा खुबा वाकत नाही, म्हणाले, डावा पाय दोन इंच बाहेर टाकला की तो खाली राहील. पोरगा मनाने फार चांगला आहे, पडला तरी प्रत्येक वेळी उठतो, मी चार वर्षं फक्त त्यालाच पाहिलंय. त्याला सरावाला एक उन्हाळा द्या, म्हणाले. घरात बोलता येत नाही, आमच्यात तसं बोलत नाहीत, म्हणून इथे सांगतोय. मी आमच्या लोकांपुढे ते मांडलंही होतं, हॅल म्हणाले, पण तोवर यादी भरली होती. आणि तुझा बाप खुब्याबद्दल बरोबर होता. मी त्यांना विचारलं होतं, हे तुम्ही मुलाला का नाही सांगत? तर म्हणाले, दर शनिवारी सांगतो.

पुढच्या व्याख्यानाला मी गेलो नाही. पार्किंगमध्ये गाडीत बसून राहिलो. चोवीस वर्षं मी स्वतःला एक गोष्ट सांगत आलो होतो, आणि ती सांगायला मला आवडायचीही. पार्ट्यांमध्ये बाबांची नक्कल करून मी ती सांगत असे, लोक खूप हसायचे. 'नथिंग स्पेशल' म्हटलं की टाळ्या. पण गाडीत बसल्यावर मला टाळ्या आठवल्या नाहीत, तो 'हो' आठवला. माझा तरी वेळ पार्ट्यांमध्ये मजेत गेला होता. बाबांनी मात्र ती गोष्ट खरी मानली होती. आपल्या एका सवयीने पोराचं आयुष्य घालवलं असं धरून ते जगत होते, आणि म्हणून आता दिसेल त्याची तोंड भरून स्तुती करत सुटले होते, पुन्हा कुणाचं तसं होऊ नये म्हणून. मी ते जीभ सैल झाली म्हणून सोडून दिलं होतं. मला स्वतःची फार लाज वाटली.

घरी आलो तेव्हा बाबा त्यांच्या खुर्चीत टीव्ही बघत होते. अठ्ठ्याहत्तर वर्षांचे, आता आणखी लहानखुरे झालेले. आई स्वयंपाकघरात. मी चहा घेतला, संपवला, रिकामा कप हातात धरून बसलो.

"बाबा, आज हॅल भेटले."

त्यांनी टीव्ही बंद केला. कोण हॅल, असं विचारलं नाही. चोवीस वर्षांत ते नाव आमच्या घरात एकदाही निघालं नव्हतं.

"तुमच्या बोलण्याने काही झालं नव्हतं," मी म्हणालो. "ते यायच्या आधीच त्यांनी मला नापास केलं होतं. मी वर येत होतो म्हणून. फक्त म्हणून."

बाबा हाताकडे बघत राहिले. "नक्की?"

"नक्की."

"ते 'नथिंग स्पेशल' म्हटलं होतं मी. त्याच्यामुळे नाही?"

"नाही बाबा. ते लिहून घेत होते ते आपलं उगाच. मी त्या दिवशी तुम्हाला बोललो ते चूक होतं. मला माफ करा."

बाबांनी चष्मा काढला आणि सदऱ्याच्या टोकाने पुसायला घेतला. काच केव्हाच स्वच्छ झाली होती तरी पुसत राहिले. आमच्या घरात माफी मागायची पद्धत नाही, त्यामुळे ती मागितल्यावर काय म्हणायचं हेही कुणाला माहीत नाही. शेवटी चष्मा डोळ्यांवर चढवून ते म्हणाले, "चालेल."

मग थोडं पुढे झुकले. "डावा पाय बाहेर टाकून दाखव बघू."

मी म्हटलं, बाबा, माझे गुडघे. ते नुसते कार्पेटकडे बघत राहिले. मी कप ठेवला आणि कॉफी टेबल सरकवून दिवाणखान्याच्या मधोमध ओणवा झालो. उजवा हात जमिनीला, पाठ सपाट. "अजून बाहेर," बाबा म्हणाले. मी डावा पाय आणखी सरकवला. "हं. अजून एक इंच." आणि काय सांगू, खरंच, डाव्या खुब्यातली ती जुनी अढी सुटली आणि मी आयुष्यात कधी नव्हतो इतका खाली गेलो. श्वास घ्यायला जागा मिळाली. बावीस वर्षांचा असतो तर तिथून मी भिंत ढकलली असती.

"वा," बाबा म्हणाले. "फर्स्ट क्लास. एकदम फर्स्ट क्लास बसला माझा पोरगा."

स्वयंपाकघरात आईने ते ऐकलं. तवा कॉइलवर ठेवल्याचा आवाज आला, मग मोहऱ्या तडतडल्या, मिरचीचा ठसका आला आणि छतावरचा अलार्म कोकलायला लागला. मी सवयीने टॉवेलसाठी उठायला गेलो, पण गुडघे जागचे हलेनात. बाबाच उठले. खुर्चीचा हात धरून उभे राहिले, टॉवेल ओढून घेतला, अलार्मच्या फूटभर खाली उभे राहून दोन्ही हातांनी वारा घालायला लागले. त्यांच्या डोळ्यांतून पाणी येत होतं. धूर तर होताच.

"तू नको उठू," ते म्हणाले. "तसाच राहा. खाली."